बडोद्यात चित्रकार म्हणून पाय रोवताना

‘मी चित्रकार आहे’ असं सांगितलं तर बडोद्यात कोणी भुवया उंचावत नाही. फतेगंजातला घरमालक फार तर एवढंच विचारतो, ‘टर्पेंटाइन वापरता का?’ तेलरंग पातळ करायच्या त्या द्रवाने आधीच्या भाडेकरूने फरशीवर करून ठेवलेला प्रताप तो अजून खरवडत असतो. इतके चित्रकार या शहराने पाहिलेत. म्हणून नाशिक, कोल्हापूर, इंदूरहून इथे येणाऱ्यांना, आणि दांडिया बाजारात वाढूनही विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स फॅकल्टीच्या फाटकातून कधी आत न गेलेल्या आपल्याच मराठी घरांतल्या पोरांना, एक गोष्ट आधीच सांगते. इथे विकायची घाई करू नका. चित्रांचा बाजार मुंबई-दिल्लीत आहे. बडोद्यात पाहायचं, काम करायचं, ते चार जाणत्यांना दाखवायचं आणि बोलणी खायची. पहिली दोन-तीन वर्षं त्यातच गेली तर ती फुकट गेली असं समजू नका.

आधी भिंती बघा

आल्या आल्या कॅनव्हास आणायला धावायचं कारण नाही. त्याआधी तीन जागा बघून या, आणि तिन्ही ठिकाणी वही-पेन्सिल घेऊन जा.

पहिली जागा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी मराठा वाडा. आत भिंती, दारं, छत, जिकडे बघाल तिकडे एकोणिसाव्या शतकातली चित्रं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठे लढाई आहे, मधेच गोऱ्या मडमाही आहेत. चित्रकाराने खांब, कोनाडा, दाराची चौकट यांना अडचण मानलेलं नाही. जागा जशी मिळाली तशी गोष्ट बसवली. रिकाम्या आयतासमोर बसून ‘आता काय काढू’ असं वाटायला लागलं की या वाड्याची आठवण ठेवा. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, तेव्हा उघडा आहे ना याची चौकशी करूनच निघा.

दुसरी जागा लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम. सयाजीरावांनी १८८८ मध्ये राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं काढायला सांगितली होती. गायकवाडांच्या संग्रहातला रविवर्मा इथे प्रत्यक्ष बघायला मिळतो. आपण सगळे त्याला कॅलेंडरवर आणि आजीच्या देवघरात बघत मोठे झालो, म्हणून कॉलेजात गेल्यावर त्याला नाक मुरडायची फॅशन असते. मुरडा, पण आधी मूळ चित्रासमोर उभे राहा. नऊवारीच्या जरीवर उजेड कसा आणलाय, अंगाच्या रंगात सावली कुठे थंड केलीय, हे छापील प्रतीत अजिबात कळत नाही.

तिसरी जागा कीर्तिमंदिर, विश्वामित्रीच्या पुलाजवळ. गायकवाड घराण्याचं हे स्मृतिमंदिर. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात, मधूनमधून येऊन चित्रं केली: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि कुरुक्षेत्र. रविवर्मा पाहून लगेच दुसऱ्या दिवशी इथे यायचं. तिथे उजेड-सावलीने घडवलेलं शरीर होतं, इथे नुसती रेषा आणि सपाट रंग, आणि तरी अख्खी भिंत हलते. गेल्या शंभर वर्षांत भारतीय चित्रकलेत जे भांडण चाललंय त्याच्या दोन्ही बाजू या शहरात रिक्षाच्या अंतरावर आहेत. कीर्तिमंदिरात एक काम हमखास करा: कुरुक्षेत्राच्या भिंतीवरच्या फक्त मुख्य तिरक्या रेषा वहीत उतरवा. माणसं नकोत, चेहरे नकोत. एवढ्या गर्दीत डोळा हरवत का नाही ते त्या पानावर आपोआप दिसेल.

कमाटीबागेतलं बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी सावकाश बघा. तिथे युरोपीय तैलचित्रांपासून मुघल लघुचित्रांपर्यंत बरंच आहे, एका खेपेत उरकायचा विषय नाही.

फाईन आर्ट्समध्ये जायचं की बाहेरून?

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाईन आर्ट्स १९५० ची. कुलगुरू हंसाबेन मेहता, पहिले डीन मार्कंड भट्ट. चित्रकला विभाग उभा केला तो आपल्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्र्यांनी, शिल्पकला शंखो चौधरींनी. शांतिनिकेतनहून आलेले के. जी. सुब्रमण्यन, पुढे ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, जेराम पटेल, नसरीन मोहमदी अशी शिकवणाऱ्यांची रांग. (त्याच्याही आधी इथे सयाजीरावांचं कलाभवन होतं, १८९० चं. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे बडोदेकर मराठी माणूस दहा मिनिटांत तुम्हाला सांगतोच.) सुरुवातीपासून इथे एक पद्धत पडली: हाताने काम करणाऱ्यालाही कलेचा इतिहास शिकावा लागतो. या पद्धतीमुळे बडोद्याचा चित्रकार बोलतो फार, असा टोमणा मुंबईवाले मारतात. त्यात तथ्य आहे, पण बोलता येणं पुढे कामाला येतं.

पदवी चार वर्षांची, त्यावर पदव्युत्तर दोन वर्षं. प्रवेशासाठी ॲप्टिट्यूड टेस्ट असते. तारखा आणि फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. एलिमेंटरी, इंटरमीजिएट आणि मग फाउंडेशन करून आलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांचा हात तयार असतो. सुरई, सफरचंद आणि मागे चुण्यांचा पडदा डोळे मिटून काढतील. त्यांचा घोटाळा वेगळाच. पोर्टफोलिओत सगळं तेच, घोटून गुळगुळीत. फोटोवरून केलेली नटनट्यांची पोर्ट्रेट काढून टाका. त्याऐवजी वह्या ठेवा: एसटी स्टँडवर काढलेली झोपलेली माणसं, घरातला गॅस, पावसात उभी केलेली स्कूटर. चुकलेल्या रेषाही राहू द्या. तुम्ही काय बघता हे वहीत दिसतं, तयार चित्रात फक्त तुमचा क्लास दिसतो.

प्रवेश नाही मिळाला तर? भूपेन खख्खर आठवा. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्यात आला, फॅकल्टीत नाव घातलं ते कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. चित्रकलेची पदवी नव्हती. कितीतरी वर्षं अर्धवेळ हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. न्हावी, घड्याळजी, शेजारचा निवृत्त गृहस्थ ही त्याच्या चित्रांतली माणसं त्या नोकरीच्या जगातूनच आलेली. त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने भरवलं. तेव्हा प्रवेश हुकला म्हणून सामान बांधू नका. फॅकल्टीची वर्षअखेरची मांडणी, तिथल्या गॅलरीतली प्रदर्शनं, पाहुण्यांची व्याख्यानं यांच्याकडे लक्ष ठेवा. कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर बसायला परीक्षा द्यावी लागत नाही.

वार्षिक मांडणी म्हणजे मुलांची परीक्षाच असते, हे बघायला जाताना ध्यानात असू द्या. २००७ मध्ये अशाच परीक्षेच्या कामांवरून मोठं वादळ उठलं होतं. तेव्हापासून समोरच्याच्या कामाचा फोटो परस्पर काढून पुढे पाठवणं इथे कोणाला आवडत नाही. विचारून काढा.

पोटाची सोय

चित्रांवर घर चालायला लागेपर्यंत दुसरं काहीतरी करावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. शाळेत चित्रकला शिक्षक, ॲप्टिट्यूड टेस्टचे क्लास, पुस्तकांची चित्रं, फ्रेमिंगचं दुकान, ज्येष्ठ चित्रकाराकडे मदतनीस, हे नेहमीचे मार्ग. मदतनिसाच्या कामात शिकायला सगळ्यात जास्त मिळतं आणि भांडणंही तिथेच होतात. तास किती, रोज किती, मोठ्या म्युरलवर, म्हणजे भित्तिचित्रावर, काम केलं तर नाव येणार की नाही, हे पहिल्या दिवशी मेसेजवर का होईना लिहून घ्या. ‘अरे, आपल्यात काय कागद!’ असं म्हणणाऱ्या एका घराकडे माझ्या ओळखीतल्या मुलाचे पैसे अजून अडकलेले आहेत.

माझं मत विचाराल तर हिशेब, टायपिंग, शिकवणी असलं चित्राशी संबंध नसलेलं काम बरं. दिवसभर दुसऱ्याच्या चित्रात रंग भरून आलं की संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर बसायला हात उचलत नाही.

जागा आणि पाऊस

स्टुडिओ म्हणजे मोठं काही नाही, एक खोली. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, कारण दिवसभर उजेड सारखा राहतो. वारा खेळता हवा, नाहीतर टर्पेंटाइनने डोकं धरतं. दोघा-तिघांनी मिळून घेतली तर गोत्री, सामा अशा बाजूंना परवडते. भाडेकरारात ‘राहण्यासाठी’ लिहिलंय की ‘कामासाठी’ ते वाचून सही करा.

तळमजला मात्र विचार करून घ्या. विश्वामित्री बारा महिने नाल्यासारखी निमूट वाहते आणि ऑगस्टात घरात येते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, आणि पाण्याबरोबर मगरीही वस्तीत आल्या होत्या. (बडोद्याबाहेरच्या मित्रांना हे थापा मारल्यासारखं वाटतं.) नदीजवळ जागा घेतलीच तर कामं जमिनीवर टेकवून ठेवायचीच नाहीत. भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकून छातीच्या उंचीवर फळी टाका आणि जूनमध्येच सगळं वर चढवा.

पूर नसला तरी दमट हवा असतेच. कागदावरची कामं भिंतीला चिकटून राहिली की तपकिरी ठिपक्यांची बुरशी धरते आणि ती जात नाही. दोन कामांमध्ये आम्लविरहित कागद घाला, आडवी ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, उघडीप मिळाली की हवा द्या, ऊन नको. कॅनव्हास गुंडाळायची वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. नवखे हमखास रंग आत घेतात, ‘सुरक्षित राहील’ म्हणून. आत घेतलेला रंग दाबला जातो आणि उलगडताना सुरकुततो, तडकतो.

सामानाबद्दल थोडंसं. तयार ताणलेले कॅनव्हास सुरुवातीला ठीक, पण चौकट सुताराकडून करून घेतली तर स्वस्त आणि मजबूत पडते. सुताराला एकच गोष्ट बजावून सांगा: पट्टीची कॅनव्हासकडची बाजू आतल्या अंगाला उतरती हवी, म्हणजे लाकडाची कड कापडाला टेकत नाही. टेकली तर वर्षभरात चित्रावर आतून चौकटीची रेघ उमटते. ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करायची. एक पिन वर, मग तिच्या समोर खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, असं करत कोपऱ्यांकडे. एका बाजूने सलग पिना मारत गेलात की तिरकी सुरकुती पडते आणि ती गेसोने, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराने, बुजत नाही. तेलरंगात खालचे थर पातळ, वरचे जास्त तेलाचे. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. शेवटचं व्हार्निश जाडीप्रमाणे सहा महिने ते वर्षभर थांबून. प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या चित्रावर व्हार्निश मारू नका.

काम दाखवणं

बडोद्याचं खरं शिक्षण इथे होतं. १९५६ मध्ये इथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी ‘बडोदा ग्रुप’ काढला आणि एकत्र प्रदर्शनं केली. १९६९ ते १९७३ या काळात शेख आणि खख्खर यांनी ‘वृश्चिक’ नावाचं नियतकालिक काढलं. १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झालं, त्यातले बरेचसे चित्रकार बडोद्याशी जोडलेले. यातलं काहीही एकट्याने खोलीत बसून झालेलं नाही. तुम्हाला लगेच चळवळ उभी करायची नाहीये, पण महिन्यातून एकदा एकमेकांची कामं बघणारे चार जण लागतातच. शनिवारी संध्याकाळी जमा, आधी चित्रं, मग शेव-उसळ. उलटा क्रम ठेवला की चित्रं राहून जातात.

ज्येष्ठ चित्रकाराला भेटायचं तर आधी मेसेज करा, दोन-तीन ओळींचा, कोण आहात आणि काय बघून हवंय ते सांगणारा. सोबत फोटो ढिगाने पाठवू नका. भेटीला शक्यतो मूळ कामं न्या: आठ-दहा, लहान आकाराची, आणि एक वही. मोबाईलवर बोट सरकवत दाखवलेल्या चित्रावर कोणी मनापासून बोलत नाही. सरांना किंवा ताईंना ‘कसं वाटलं?’ विचाराल तर ‘छान आहे, काम करत राहा’ एवढंच मिळेल. ‘या चित्रात मागची भिंत पुढे येतेय का?’ असं विचारा, मग तेच उठून जवळ येतील, चष्मा वर करतील आणि अर्धा तास बोलतील. त्या वेळात बचाव करायचा नाही, लिहून घ्यायचं. पटलं नाही तर घरी जाऊन सोडून द्या.

चित्राबद्दलचं टिपण, म्हणजे स्टेटमेंट, आधी मराठीत लिहा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की सगळ्यांची चित्रं ‘ओळख, स्मृती आणि अवकाश’ यांचाच शोध घ्यायला लागतात. उदाहरणादाखल हे वाक्य बघा: ‘माझी कला मानवी अस्तित्वाच्या अनेकपदरी वास्तवाला भिडते.’ वाचून चित्र डोळ्यासमोर येत नाही. आता हे: ‘मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून निघालेली माणसं मी काढते. पॅकिंगच्या खोक्यांच्या आतल्या बाजूवर काढते, कारण त्या पुठ्ठ्याचा रंग सकाळी साडेसहाच्या त्यांच्या चेहऱ्यांसारखा असतो. स्टेपलच्या खुणा तशाच ठेवते.’ निवड करणाऱ्याने शंभर अर्ज वाचलेले असतात; त्याला पुठ्ठा लक्षात राहतो.

गॅलरी, भाव, कागद

पहिल्या चित्रापासून नोंदवही ठेवा: नाव, वर्ष, माध्यम, आकार. आकारात उंची आधी, रुंदी मग. चित्र भिंतीवर सरळ टांगून, दोन्हीकडून सारखा उजेड घेऊन फोटो काढा. सही आणि वर्ष मागच्या बाजूलाही लिहा.

भाव बहुतेक जण चौरस इंचावर काढतात. सुरुवातीला त्यात हरकत नाही, निदान तुमच्याच दोन चित्रांचे भाव एकमेकांशी भांडत नाहीत. गॅलरी कमिशन घेते, बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मं. ऐकून धक्का बसतो, पण जागा, माणसं, जाहिरात, गिऱ्हाईक हे सगळं त्यात येतं. म्हणूनच गॅलरीत एक भाव आणि घरी येणाऱ्याला निम्म्यात, असं करू नका. चार महिन्यांत सगळीकडे कळतं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत स्वतःचं प्रदर्शन करायचं स्वप्न प्रत्येक मराठी घराचं असतं. अर्ज करून ठेवा, पण तिथली प्रतीक्षायादी काही वर्षांची असते.

‘तुमची निवड झाली आहे, सहभाग शुल्क अमुक हजार’ असे मेसेज तुम्हाला येतील. चाळीस-पन्नास जणांची समूहप्रदर्शनं, प्रमाणपत्र, ट्रॉफी, फोटो. जे चित्रकाराकडूनच पैसे घेतात, त्यांना चित्र विकायची गरज उरत नाही. दूर राहा. ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन, कोचीच्या बिनालेतला (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनातला) विद्यार्थी विभाग अशा ठिकाणी अर्ज करा. नकार येतील, पण ते कोणी नीट पाहून दिलेले असतात.

चित्र गॅलरीकडे देताना यादी करा: कोणती कामं, प्रत्येकाचा भाव, कमिशन किती, पैसे किती दिवसांत, न विकलेलं परत कधी आणि कोणाच्या खर्चाने, वाटेत खराब झालं तर जबाबदारी कोणाची. दोघांच्या सह्या. ओळखीचे असले तरी.

शेवटची गोष्ट कायद्याची, आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. चित्र विकलं म्हणजे कॅनव्हास विकला. त्याचा कॉपीराइट, लिहून दिला नसेल तर, तुमच्याकडेच राहतो. घेणारा ते भिंतीवर लावू शकतो, डायरीच्या मुखपृष्ठावर छापू शकत नाही. पण कोणी पैसे देऊन खास सांगून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर १९५७ च्या कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास कॉपीराइट काम सांगणाऱ्याचा. हॉटेलसाठी, कंपनीच्या लॉबीसाठी काम घेताना ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ ही एक ओळ करारात घालायला विसरू नका. नैतिक हक्क, म्हणजे काम विकल्यावरही त्यावर आपलं नाव राहावं आणि त्याची मोडतोड होऊ नये हे हक्क, वेगळेच. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आणि तुमचं मूळ चित्र पुढे कोणी दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं तर त्यात हिस्सा मागायची तरतूदही त्याच कायद्यात आहे, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. तो हिस्सा मागायचा तर चित्र कोणाकडे गेलं हे तुम्हाला माहीत हवं. तेव्हा नोंदवहीत आणखी एक रकाना आखा: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, बिल नंबर. मित्राच्या लग्नात भेट दिलेली चित्रंही त्यात लिहा.